घरपट्टी वाढणार म्हणे, पण वाढणार कुणाची?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळच्या पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याच्या वर पत्रं एकाच विषयावर, मालमत्ता कर वाढणार का आणि वाढला तर आपण काय करायचं. महापालिकेच्या बजेटचा सीझन आला की हे दरवर्षीचंच, आंब्याला मोहोर यावा तशी करवाढीची कुजबुज सुरू होते, आणि यावेळी तर नव्याने निवडून आलेली मंडळी बसलीयत त्यामुळे लोकांना बोलायला चेव आलाय. मी काही कर खात्यातली नाही हे आधीच सांगते, नेरूळच्या एका सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) सोसायटीत अकरा वर्षं खजिनदार होते, घरपट्टीची बिलं वाटणं, चुकलेली दुरुस्त करून आणणं आणि त्यापायी लोकांची बोलणी खाणं एवढाच माझा अनुभव.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस नुसती जुंपलीय. एक काका म्हणतात इतकी वर्षं घरपट्टी वाढली नाही तर आता थोडी वाढू दे, रस्ते आभाळातून पडत नाहीत. दुसरे म्हणतात आधी थकबाकीदारांकडून वसूल करा मग आमच्या खिशात हात घाला. एकीने तर ग्रुपच सोडला. मला एवढंच कळत नाही की हे ठरवतं कोण आणि कधी, का आम्ही उगाच भांडतोय? (कोपरखैरणे)

उत्तर : भांडा, पण वेळेत भांडा. महापालिका अधिनियमात असं आहे की पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे, आयुक्त प्रस्ताव ठेवतात, स्थायी समिती त्यावर चर्चा करते, मग विषय महासभेत जातो. आपल्याकडे लोक जागे होतात कधी, तर एप्रिल-मेत बिल हातात पडलं की, तोवर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते. नवी मुंबईत मे २०२० पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, सगळे अधिकार प्रशासकाकडे, ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच. आता दार ठोठावायला निदान माणूस आहे. तुमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना एकच पत्र द्या आणि त्याची पोच घ्या, ग्रुपवर अंगठे दाखवून काही होत नाही.

त्या दोन काकांचं म्हणाल तर दोघंही खरं बोलतायत, आणि म्हणूनच भांडण संपत नाही. नवी मुंबईने वीसेक वर्षं दर वाढवलेले नाहीत हे खरंच आहे. मग शहर चाललं कशावर? आपल्याकडे पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर सेस होता, ठाण्याला जकात होती, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही विषय मिटला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं, कायद्याने त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली असते. म्हणजे घरातला कमावता मुलगा परगावी गेला आणि आता महिन्याला मनीऑर्डर येते तसं झालंय, पैसे येतात, पण आपल्या हातातलं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते घरपट्टीच. त्यात १५ व्या वित्त आयोगाने अट घातली होती की शहरांना अनुदान हवं असेल तर मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगाने वाढवून दाखवा. म्हणजे करवाढीचा रेटा फक्त आपल्या आयुक्तांच्या डोक्यातून येत नाही, वरूनही येतो.

पण रेटा वसुली वाढवण्याचा आहे, दर वाढवण्याचाच आहे असं नाही. हा फरक त्या दुसऱ्या काकांना सांगा, त्यांना फार आवडेल.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये राहतो, कार्पेट ५०० च्या आसपास. माझा मित्र नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, घर जवळपास तेवढंच, स्टेशन त्याला चालत दहा मिनिटं आणि मला ट्रॅफिकमध्ये तास, वर आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. आणि घरपट्टी माझी त्याच्या जवळजवळ तिप्पट! परवा त्याच्याच घरी चहा पीत बसलो होतो, तो म्हणतो दहा टक्के वाढली तर काय मोठंसं, शहर वाढतंय. मी काही बोललो नाही पण मनात आलं की तुझे दहा टक्के आणि माझे दहा टक्के एक आहेत का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : बोलायला हवं होतंत की दादा! सगळ्या गठ्ठ्यात मला हेच पत्र मुद्द्याचं वाटलं, म्हणून जरा लांबण लावते.

घरपट्टीचं बिल म्हणजे गुणाकार असतो. एक आकडा असतो करयोग्य मूल्य आणि दुसरा कराचा दर. करयोग्य मूल्य काढतात ते असं, की हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं आणि त्यातून दुरुस्तीचे म्हणून १० टक्के वजा करायचे. आता हे भाडं धरलं कधी, तर इमारतीची पहिली आकारणी झाली तेव्हा. नौपाड्यातली इमारत आकारणीच्या बुकात चढली तेव्हाचं भाडं आणि तुमचा टॉवर चढला तेव्हाचं भाडं, यात जमीन-अस्मानाचा फरक.

समजा (हे आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या बिलातले नाहीत) मित्राच्या घराला महिन्याला फुटामागे ३ रुपये धरले आणि तुमच्या घराला ८. घर दोघांचंही ५०० फूट. त्याचं वर्षाचं भाडं १८,००० झालं, १० टक्के गेले, उरले १६,२००. तुमचं ४८,००० झालं, उरले ४३,२००. सगळे कर मिळून दर ४० टक्के धरला तर तो भरणार ६,४८० आणि तुम्ही १७,२८०. आता दहा टक्के वाढ केली. त्याचे वाढले ६४८, तुमचे वाढले १,७२८. म्हणून त्याला काय मोठंसं वाटतं आणि तुम्हाला चहा कडू लागतो.

आणि गंमत बघा, कायद्याच्या करविषयक नियमांत आकारणी पुस्तक दर चार वर्षांनी तरी नव्याने करायचं असं लिहिलंय. होतं काय, तर बऱ्याचदा जुनेच आकडे पुढच्या बुकात उतरवले जातात, कारण जुन्या लोकांच्या घरपट्टीला हात लावला की मोर्चा निघतो, नवीन टॉवरवाले काय, अजून एकमेकांची नावंही त्यांना माहीत नसतात. हे माझं मत आहे, कुणाला झोंबलं तर झोंबो, मी स्वतः १९९० च्या दशकातल्या घरात राहते आणि माझं बिल कमी येतं, मला ते आवडतंही.

यावर एक उपाय सांगितला जातो तो भांडवली मूल्याचा, म्हणजे भाड्याऐवजी रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या किमतीवर कर. मुंबईने २०१० पासून तो धरला. त्यात तुमच्यात आणि मित्रात इतकी तफावत राहणार नाही, कारण नौपाड्याची जमीन घोडबंदरपेक्षा काही स्वस्त नाही, उलट त्याच्या तोंडचं पाणी पळेल. पण रेकनर वाढला की पुढची आकारणीही वाढणार, आणि पेन्शनीत बसलेल्या माणसाची पेन्शन काही रेकनरने वाढत नाही. शिवाय मुंबईत त्याच्या नियमांवरून कोर्टबाजी झाली, मोकळ्या जमिनीवर उद्या किती एफएसआय (म्हणजे किती बांधकामाची मुभा) मिळू शकतो हे धरून आज कर लावता येणार नाही असं हायकोर्ट म्हणालं आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं.

तर वाढ तीन दारांनी येते. एक समोरचं दार, म्हणजे दरवाढ, ती पेपरात छापून येते आणि सगळे तिच्यावरच भांडतात. दुसरं मागचं, करयोग्य मूल्य बदलणं, ते घराघरात नोटीस येऊन होतं. तिसरी खिडकी, म्हणजे बिलात नवीन ओळ. तुमचं बिल काढा आणि ओळी मोजा, सर्वसाधारण कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिःसारण, वृक्ष कर, रस्ता कर, अग्निशमन, शिक्षण कर, आणि त्यात राज्य सरकारचा शिक्षण कर वेगळा, तो महापालिका फक्त गोळा करते आणि वर पाठवते. बिल मोठं दिसतं म्हणून आपण शिव्या महापालिकेला देतो पण त्यातले सगळे पैसे तिचे नसतात.

टँकरचं. बिलातला पाणीपुरवठ्याचा कर म्हणजे पाणीपट्टी नाही, नळाचं बिल वेगळं येतं. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसा नदीवरची स्वतःची योजना असं चार ठिकाणचं पाणी जोडून शहर चालतं, नवी मुंबईने खालापूरजवळचं मोरबे धरण विकत घेऊन ठेवलं म्हणून आम्ही इकडे मिजास करतो. तुमच्या सोसायटीने पत्र लिहिताना दरवाढीला नुसतं नको म्हणण्यापेक्षा एवढं विचारावं की घोडबंदरच्या नव्या इमारतींकडून पाण्याच्या नावाखाली किती जमा झाले आणि त्यातले तिकडच्या जलवाहिन्यांवर किती खर्च झाले. याचं उत्तर द्यायला कुणालातरी फाइल उघडावी लागेल.

प्रश्न : ताई, आमच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, त्याचा टॅक्स कंपनीने भरायचा का सोसायटीने? (ऐरोली)

उत्तर : करार बघा, त्यात लिहिलेलं असतं. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये म्हटलं होतं, पण २०२३ चा दूरसंचार कायदा असं जाळं त्या इमारतीच्या मालमत्ता करात धरायचं नाही असं म्हणतो, त्यामुळे कंपनीच्या माणसाच्या नुसत्या शब्दावर जाऊ नका, महापालिकेकडून लेखी घ्या. आणि टॅक्सची थकबाकी सोसायटीच्या नावावर चढू देऊ नका, टॉवर एक दिवस निघून जातो, थकबाकी राहते.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, वय ७१, घर ४८० फूट. मुंबईत ५०० फुटांपर्यंत सगळी घरपट्टी माफ झाली, खाडीच्या पलीकडे माफ आणि अलीकडे वाढ, हा कुठला न्याय? (वाशी)

उत्तर : काका, तुमचा राग बरोबर आहे आणि तो खाडीपुलावर रोज ऐकू येतो. मुंबईत ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ च्या जानेवारीत सरकारने सगळा मालमत्ता कर माफ केला. नवी मुंबईच्या महासभेनेही २०१९ मध्ये ५०० फुटांपर्यंत माफीचा ठराव केला होता, पण ठराव केला म्हणजे माफी झाली असं नाही, त्याला राज्य सरकारची मंजुरी लागते आणि आपल्याकडे ठरावाची फाइल ठाणे-बेलापूर रोडवर पीक अवरला अडकावी तशी अडकते. बिलात ओळ बदलेपर्यंत माफी मिळालीच असं धरून बिल थांबवू नका, थकलं तर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाचे झाले २४, एवढं व्याज तुम्हाला कुठली बँक एफडीवर देते सांगा.

आणखी एक सांगू का, रागावू नका. सिडकोच्या नोड्समध्ये ५०० फुटांच्या आतली घरं भरपूर आहेत, तसंच शहर वसवलं. मुंबईच्या तिजोरीला हे झेपतं, आपल्याकडे एवढ्यांना माफी दिली तर तो भार पडणार कुणावर, तर ५५० फूटवाल्यावर, आणि तो काही अंबानी नाही, बऱ्याचदा तो तुमचाच मुलगा असतो, सानपाड्यात कर्ज काढून घर घेतलेला. मला विचाराल तर सरसकट माफीपेक्षा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सवलत द्यावी. पण मला कोण विचारतं.

प्रश्न : आम्ही घणसोली गावातले. आमच्या आजोबांच्या जमिनी सिडकोने घेतल्या, त्यावर तुमचे टॉवर उभे राहिले, आणि आता गावात गरजेपोटी बांधलेल्या घराला पण टॅक्स, वर अनधिकृत म्हणून शास्ती. ग्रुपवर लोक लिहितात की गाववाले टॅक्स भरत नाहीत म्हणून आमचा वाढतो. हे ऐकून घ्यायचं का आम्ही?

उत्तर : नका ऐकून घेऊ, दादा. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत उरणकडे गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा विषय पुढे सरकला. हे ज्याला माहीत नाही त्याने गाववाल्यांच्या घरपट्टीवर मेसेज टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थकबाकी काही फक्त गावठाणात नसते, पॉश सोसायट्यांतले बंद फ्लॅट, वाद चाललेले गाळे, कितीतरी असतात.

कायद्याचं सांगते. बांधकाम अनधिकृत असलं तरी मालमत्ता कर लागतो, आणि त्यावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे, ती आधी सरसकट होती, पुढे सरकारने कायद्यात बदल करून छोट्या घरांना सवलतीची वाट ठेवली. तुमचं घर किती फुटांचं धरलंय ते बिलावर नीट बघा, तीन भावांची तीन घरं एकाच नावावर मोठं घर म्हणून चढली असतील तर सवलत जाते, वेगवेगळी आकारणी करून मागा. आणि एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कर भरला म्हणजे घर अधिकृत झालं नाही, शास्ती भरली तरी नाही, कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. टॅक्सची पावती म्हणजे मालकीचा कागद पण नाही. गावात एजंट पावती लावून घर विकतात आणि घेणारा फसतो. ते तुम्ही करत नसाल, पण पोराबाळांना सांगून ठेवा.

टॅक्स भरणार नाही असं म्हणू नका. टॅक्स भरतो, पावती दाखवतो आणि मग विचारतो की आमच्या गल्लीत गटार कधी, असं म्हणा. समोरच्याची बोलती बंद होते.

प्रश्न : करयोग्य मूल्य वाढवल्याची नोटीस आली तर काय करायचं? शेजारी म्हणतात फाडून टाका. (कळवा)

उत्तर : शेजाऱ्यांना म्हणावं तुमची फाडा. नोटिशीवर हरकतीची मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत लेखी हरकत द्या, म्हणजे सुनावणीला बोलावतात. सोबत काय न्यायचं, तर जुनं बिल, करारनामा, आणि तुमच्या मजल्यावरच्या तशाच दुसऱ्या घराचं बिल. हे तिसरं सगळ्यात कामाचं, कारण तुलना समोर ठेवली की बोलायला जागा राहत नाही. टेरेस, पोटमाळा, स्टिल्टमधलं पार्किंग हे फुटांत मोजलंय का तेही बघा. हरकतीचा निकाल पटला नाही तर मग कोर्टात अपील, आणि तिथे आधी बिलाची रक्कम भरावी लागते, मग तुमचं ऐकतात.

सगळ्या मजल्याने मिळून जा. एकटा गेलात तर टेबलवरचा साहेब चहाला गेलेला असतो, आठ बायका एकदम गेल्या की तो परत येतो, स्वानुभव आहे.

प्रश्न : अभय योजना येणार असेल तर तोवर बिल थांबवलेलं बरं ना? आमच्या ओळखीत एकाने तसंच केलं, त्याची शास्ती बरीच माफ झाली, आम्ही वेळेवर भरणारे मूर्ख ठरलो. (सीवूड्स)

उत्तर : अभय योजना दर दोन-चार वर्षांनी निघते, त्यात शास्तीत सूट देतात, मूळ कर कुणी सोडत नाही. येईल का, कधी येईल, तुमचा त्यात नंबर लागेल का, हे सगळं अधांतरी, आणि तोवर महिन्याला दोन टक्के चालूच. पण तुमची चीड मला मान्य आहे, आणि माझ्या मते दरवाढीच्या चर्चेत नगरसेवकांना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की गेल्या वर्षी मागणी किती होती, वसुली किती झाली, थकबाकी किती राहिली आणि त्यातली शास्ती किती सोडून दिली. आणि दुसरा, वर्षभरात नव्याने किती घरं बुकात चढली. क्रेन तर जिकडेतिकडे दिसतायत, ती घरं बिलांत दिसतात का? हे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. हे समोर ठेवून कुणी म्हणालं की सगळी वसुली करूनही पैसे कमी पडतात, तर मी स्वतः वाढ द्यायला तयार आहे. त्याआधी नाही.

प्रश्न : आई ऑनलाइन भरायला घाबरते, मी पुण्यात असते. मी इथून भरला तर चालेल ना? (नेरूळ)

उत्तर : चालतो की, मालमत्ता क्रमांक असला की जगात कुठूनही भरता येतो. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा सहामाही बिलांच्या तारखा लक्षात ठेव. फक्त नंबर टाकल्यावर नाव वाचायचं, घाई करायची नाही. हे कोण सांगतंय बघ, मी, अकरा वर्षांची खजिनदार! एकदा रात्री साडेअकराला भरायला बसले, चष्मा स्वयंपाकघरात, शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि माझे पैसे गेले शेजारच्या विंगमधल्या कुलकर्णी काकूंच्या घरपट्टीत. पावतीवर त्यांचं नाव बघितलं तेव्हा बारा वाजून गेलेले, आणि माझेही. सकाळी गेले तर काकू म्हणाल्या, अगं मी तर आजच भरणार होते. त्यांनी तिथल्या तिथे चेक लिहून दिला, वर नारळाच्या वड्यांचा डबा दिला. चेक त्याच आठवड्यात वटला, डबा अजून माझ्याकडेच आहे.